बंदुकीचं माहेर

बंगळूरला माणसं नोकरीसाठी जातात, लेकीसुनांची बाळंतपणं करायला जातात, नाहीतर तिथली थंड हवा खायला जातात. मी गेले बंदूक दाखवायला. एकसष्टाव्या वर्षी, एकटी, स्वतः गाडी चालवत, आणि मागच्या सीटवर तंबोऱ्याच्या गवसणीत घालून झोपवलेली आमच्या घराण्याची बंदूक. भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. हा रस्ता मी शेकडो मुलांकडून नकाशात गिरवून घेतला होता, पण निपाणीच्या पलीकडं स्वतः कधी गाडी नेली नव्हती.

आधी बंदुकीचं सांगते. उभी केली तर ती माझ्या हनुवटीला लागते. लांब लोखंडी नळी, काळपट लाकडी दस्ता, आणि उजव्या अंगाला चिमट्यात गारगोटी धरणारा घोडा. कराडजवळच्या आमच्या घरात ती देवघराशेजारी दोन खुंट्यांवर आडवी असते. राणोजी नावाच्या आमच्या पूर्वजानं ती आणली. घरात चालत आलेली गोष्ट अशी की राणोजी मराठा फौजेतून म्हैसूरच्या सुलतानावर चालून गेले, बंगळूरच्या किल्ल्याखाली त्यांनी एका शिपायाच्या हातून ही बंदूक हिसकावली आणि तिच्याच एका गोळीत बुरुजावरचा सरदार पाडला. दर दसऱ्याला ही गोष्ट सांगायचा मान आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आबा स्वतः फौजेत होते, सीमेवर लढलेले आहेत. पण आपल्या लढाईबद्दल त्यांनी आम्हाला चकार शब्द कधी सांगितला नाही. लढाई म्हणून आमच्या घरात बोलली गेली ती फक्त राणोजींची.

यंदा गावच्या वेशीवर नवी कमान झाली. कमानीशेजारी एक दगड बसायचा आहे आणि त्यावर गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं कोरायची आहेत. पहिलं नाव अर्थातच राणोजींचं. माझा धाकटा भाऊ दिलीप याच्या अंगात उत्साह संचारला. ‘एका गोळीत सुलतानाचा सरदार लोळवणारे वीर राणोजी’ असा मजकूर त्यानं तयारही करून टाकला. आबांनी तो ऐकला आणि मला जवळ बोलावलं.

“शैला, एका गोळीत सरदार नाटकात पडतात,” ते म्हणाले. “मी गोष्ट सांगत आलो, कारण मला माझ्या वडिलांनी सांगितली. गोष्ट सांगणं वेगळं आणि दगडावर कोरणं वेगळं. बंदूक कुठली, कुणाची, काय खरं ते बघून ये. खोटं निघालं तर तसं तोंडावर सांग.”

“ताई कशाला, मी जातो की,” असं दिलीपचं पालुपद शेवटपर्यंत चाललं. दिलीप गेला असता तर त्याला हवं तेवढंच ऐकून आला असता, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. पोलीस ठाण्यातून रीतसर परवानगी मात्र त्यानंच आणली, ते श्रेय त्याचं. मी हो म्हटलं खरं. आबा सत्याऐंशीचे. त्यांच्या आयुष्यातली एकुलती एक गोष्ट मी खोटी ठरवून आणली तर त्यांच्या हातात काय उरेल, हा प्रश्न घेऊनच मी गाडीत बसले.

दावणगेरे

मुक्काम दावणगेरेला केला तो बेण्णे दोशासाठी, आणि यात मला यत्किंचितही संकोच नाही. लोणी वितळून डोशाच्या जाळीत उतरतं, कडा कुरकुरीत, आणि वर बटाट्याची भाजी आपल्यासारखी पिवळीजर्द नाही, पांढरी, जवळजवळ सात्त्विक. मी दुसरा मागवला, मग तिसऱ्याचं नाव न काढता वेटरकडं नुसतं बघितलं. त्याला कळलं.

बंदूक गाडीत ठेवायला मन होईना, म्हणून गवसणी शेजारच्या खुर्चीवर आडवी ठेवली होती. हॉटेलचे म्हातारे मालक उठून आले, गवसणीला नमस्कार केला आणि हिंदीत विचारलं, “हिंदुस्तानी की कर्नाटकी?” मी म्हटलं, “हिंदुस्तानी.” खोटं कुठं होतं? लगेच शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका वळून बसल्या आणि मालकांनी एखादं भजन म्हणायची विनंती केली. मी गळ्याला हात लावून घसा बसल्याची खूण केली. तेव्हा त्यांनी मिरी घातलेला कषाय आणवला, समोर बसून शेवटच्या थेंबापर्यंत पाजला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आमच्याकडं गाणाऱ्या बाईला टाळ्या मिळतात, काढा मिळत नाही. कानडी मुलखातला संगीताचा मान मी असा बंदुकीच्या पुण्याईनं अनुभवला.

चिक्कपेट

बंगळूरात उतरले यमुनाक्कांकडं. माझ्या मावसबहिणीच्या सासरचं हे नातं, इतकं लांबचं की दोघींनाही नीट सांगता येत नाही. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, चिक्कपेटेत पितळी भांड्यांचं दुकान. घरात मराठी, दुकानात कानडी, आणि जिन्यात दोन्हींची मिसळ. सत्तरीच्या यमुनाक्का दारातच म्हणाल्या, “बा, बा, आत ये. ऊटा झालं का? नाही? मग आधी ऊटा, मग बंदूक-बिंदूक.”

ऊटा म्हणजे जेवण. आणि काय जेवण! पुरणपोळीला त्या होळिगे म्हणतात आणि कटाच्या आमटीला सारु, पण चव अशी की डोळे मिटले तर मी कराडात. मग रागीचा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा, मुद्दा आला, चेंडूएवढा गोळा. तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो, हे मला कुणी आधी सांगितलं नाही. मी चावला. तो टाळूला असा बसला की पुढची काही मिनिटं मी फक्त मान हलवून बोलत होते. यमुनाक्का हसून हसून भिंतीला टेकल्या.

दसऱ्याचे दिवस. त्यांच्या दिवाणखान्यात गोंब्यांच्या, म्हणजे लाकडी बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या होत्या. राजा, राणी, वाणी, वाण्याचा तराजू, लग्नाची वरात. आपल्याकडं नवरात्रात घट बसतात, यांच्याकडं घट आणि गोंबे दोन्ही. रस्त्यावर आयुधपूजेसाठी कोहळ्यांचे ढीग. रिक्षा, बसगाड्या, दुकानातले तराजू, सगळ्यांना हार पडायचे होते. आमच्याकडं खंडेनवमीला विळी-कोयत्याला हळदकुंकू लागतं. इथं अख्खं शहर आपल्या हत्यारांपुढं हात जोडायची तयारी करत होतं. मला ते फार आवडलं.

बंदूक गवसणीतून बाहेर काढली तशा यमुनाक्का हरखल्या. “अय्यो, किती लखलखीत!” मी फुशारून सांगितलं की आमच्याकडं दर खंडेनवमीला ती चिंच आणि राखेनं घासतात. घासायचा मान घरातल्या थोरल्याचा. त्याखेरीज दोन नियम आहेत आणि ते कधी मोडले नाहीत. नळीचं तोंड लाल फडक्यात बांधलेल्या सुपारीनं बंद ठेवायचं, ते उघडलं तर घरात भांडण येतं. आणि आरती डाव्या अंगानं करायची, निरांजन उजवीकडं न्यायचंच नाही.

यमुनाक्कांनी तोवर कापूर पेटवून ताट उचललं होतं. त्या सरळ उजवीकडून, घोड्यापाशी ताट नेऊ लागल्या. मी त्यांचा हात धरला. “डावीकडून, आक्का.”

“का ग? देव काय डावाउजवा बघतो?”

“आमच्याकडं पद्धत आहे.”

“सरी, सरी,” म्हणत त्यांनी ताट फिरवलं. मग रात्री जेवताना शेजारी बसून हळूच म्हणाल्या, “आमच्याकडं पण एक गोष्ट सांगतात बघ. मराठी फौज येणार म्हणून पेटेत आवई उठली, तेव्हा आमच्या लोकांनी दुकानातली सगळी भांडी विहिरीत टाकली. पोरीबाळी घेऊन लांब गावाला पळाले. आम्ही मराठी बोलणारे, पण फौजेला कोण सांगणार?” आणि माझ्या ताटात आणखी एक होळिगे टाकत त्या म्हणाल्या, “तुझा तो आजा आमच्यावर चालून आला, आणि तू ऊटा करतेस माझ्या घरी. खा. स्वल्प तूप घे वर.”

मला घास गिळवेना, आणि या खेपेला दोष मुद्द्याचा नव्हता. राणोजींची स्वारी मी आजवर फक्त आमच्या बाजूनं ऐकली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी घरातली भांडी विहिरीत पडत होती, हे मनात कधी आलंच नव्हतं.

मारतहळ्ळी

परांजप्यांचा पत्ता यमुनाक्कांनीच काढला. मराठी लोकांच्या गणपतीत त्यांची ओळख झालेली. मूळचे नाशिकचे, सरकारी कारखान्यात धातुशास्त्रज्ञ म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले, आणि जुन्या बंदुकांचं वेड. त्यासाठी निवृत्तीनंतर ते फारसी लिपी शिकले. ते राहतात मारतहळ्ळीला. चिक्कपेटेहून तिथं पोहोचायला आम्हाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात राणोजी घोड्यावरून बराच मुलूख पार करून गेले असते. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, खाली गळ्यात ओळखपत्र घातलेली तरुण मुलं उभ्यानं चहा पिताहेत, त्यात निम्मी मराठी बोलणारी. यमुनाक्का माझ्याबरोबर आल्या होत्या. “हे सगळं शेत होतं,” त्या प्रत्येक वळणावर सांगत राहिल्या.

परांजप्यांनी बंदूक टेबलावर घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि भिंगातून नळीवर कितीतरी वेळ पाहत राहिले. मग अगदी दुःखानं म्हणाले, “ताई, ही कुणी घासली?”

“आम्हीच. दरवर्षी. चिंच आणि राख.”

“फारच मनापासून घासलीत. इथं मेकरचा शिक्का होता, इथं अक्षरं होती. बघा, नुसती सावली राहिलीय. म्युझियममधला माणूस हे बघून रडला असता.”

मी गारच पडले. जी ओळख शोधायला मी एवढ्या लांब आले, ती आमच्याच भक्तीनं पिढ्यान्‌पिढ्या पुसत आणली होती. आमचे थोरले बाह्या सरसावून, मंत्र म्हणत, नावनिशाणी खरवडत बसले होते. एवढं एकनिष्ठेनं नुकसान करायला आमच्यासारखेच लोक हवेत.

वर परांजप्यांनी आणखी एक सांगितलं. बंगळूरचा किल्ला पडला तेव्हा तो इंग्रजांनी घेतला. आपली मोठी फौज त्या वेळी धारवाडला अडकली होती, ती या बाजूला आली नंतर. म्हणजे किल्ल्याखालची झटापट गेली आणि बुरुजावरचा सरदारही गेला. आबांच्या गोष्टीचा अर्धा भाग चहा येण्यापूर्वीच कोसळला होता.

“शिक्का आतल्या बाजूला असू शकतो,” परांजपे म्हणाले. “नळीचा जो भाग लाकडात बसतो, तिथं तुमची चिंच पोहोचली नसणार. पण त्यासाठी नळी दस्त्यातून सोडवावी लागेल. लाकूड जुनं आहे, तडकू शकतं. विचार करून सांगा.”

मी आबांना फोन लावला. आमच्या घरात ती कधीच कुणी उघडली नव्हती. आबा म्हणाले, “उघड. शंका ठेवून पूजा करण्यात काय अर्थ आहे?”

तेव्हा परांजप्यांनी सुपारीला हात घातला. लाल फडकं सुटलं, सुपारी निघाली. मी मनातल्या मनात घरातल्या सगळ्या संभाव्य भांडणांची माफी मागून टाकली. त्यांनी एक लांब लाकडी काठी नळीत सोडली, ती टेकली तिथं तोंडापाशी पेन्सिलीनं खूण केली, काठी बाहेर काढून नळीच्या वरून धरली. काठीचं टोक नळीच्या शेवटाला पोहोचायला हवं होतं. ते चार बोटं अलीकडंच थांबलं.

परांजप्यांनी पुन्हा मोजलं. मग त्यांचा आवाज एकदम हळू झाला. “ताई, आक्का, जरा मागं सरका. आणि तो उदबत्तीचा पुडा, काडेपेटी, सगळं आत नेऊन ठेवा. ही भरलेली आहे.”

“कशानं?” यमुनाक्कांनी विचारलं.

“दारूनं आणि गोळीनं. हे भोक दिसतंय, घोड्याखाली, उजवीकडं? हा बंदुकीचा कान. इथं ठिणगी पडली की आतली दारू पेटते. जुनी दारू कधीकधी अजूनही पेटते.”

यमुनाक्का मटकन खाली बसल्या. “काल मी कापूर घेऊन तिथंच जात होते की रे देवा!”

मला एकदम सगळं उमगलं आणि अंगावर काटा आला. तोंड उघडू नका. दिवा उजवीकडं नेऊ नका. ही पद्धत नव्हती, सूचना होती. राणोजींना ठाऊक होतं की बंदूक भरलेली आहे. घरातल्यांना दारूगोळ्याचं समजावत बसण्यापेक्षा त्यांनी भांडणाची भीती घातली, आणि ती भीती आम्ही सगळ्यांनी इमानेइतबारे पाळली. पाळली म्हणून आमचं देवघर अजून जागेवर आहे. आपल्या चालीरीतींना मी वर्गात पुष्कळ नावं ठेवलेली आहेत. त्या दिवशी त्या पूर्वजापुढं मी मनोमन हात जोडले.

परांजप्यांनी आधी ज्यांना कळवायला हवं त्यांना कळवलं. मग कानातून आणि तोंडातून पाणी सोडलं आणि बंदूक गॅलरीत भिजत ठेवली. ओली दारू काही करू शकत नाही म्हणे. गॅलरीत एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला भिजणारी बंदूक, आणि मध्ये यमुनाक्का, तिच्यावर डोळा ठेवून बसलेल्या.

बोम्मसंद्रा

दुसऱ्या दिवशी परांजपे आम्हाला बोम्मसंद्र्याला घेऊन गेले. त्यांचे जुने सहकारी मूर्ती यांचा तिथं यंत्रांचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. होसूर रस्त्याच्या त्या भागात एरवी पाहुण्यांना कुणी नेत नाही, पण मला विचाराल तर बागा आणि राजवाड्याआधी हे दाखवावं. फरशी अशी की जेवायला बसावं. प्रत्येक यंत्र पुसून ठेवलेलं. आयुधपूजेची तयारी सुरू झाली होती. यंत्रांना झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं, दारात कोहळा. मूर्तींनी बंदूक हातात घेण्याआधी चपला काढल्या, तिला एक फूल वाहिलं आणि मला हिंदीत म्हणाले, “मॅडम, मशीन छोटी हो या बडी, पहले नमस्कार.” हा माणूस आपल्या घराण्यात कसा नाही, असं मला वाटून गेलं.

पाइपांच्या आतलं पाहायचा एक बारीक कॅमेरा त्यांच्याकडं होता. तो नळीत सोडला आणि पडद्यावर आतला अंधार उजळला. जुन्या विहिरीच्या तळाशी पडलेला तांब्या दिसावा, तशी तळाशी गोळी दिसत होती. मूर्ती आणि परांजपे कानडीत बोलत होते, “स्वल्प, स्वल्प” एवढंच मला कळत होतं. स्क्रूचं टोक असलेला लांब गज आत गेला, फिरला, रुतला, आणि फार सावकाश मागं आला. आधी तपकिरी लगदा बाहेर आला, मग एक राखाडी गोळी मूर्तींच्या तळहातावर गडगडली. मागून काळं पाणी.

मग नळी सुटी झाली. तीन खिळे इतक्या हलक्या हातानं काढले की लाकडाला चरासुद्धा गेला नाही. नळीच्या खालच्या अंगाला, जिथं आमच्या थोरल्यांची राख पोहोचली नव्हती, वाघाच्या पट्ट्यासारखी एक खूण ताजी असल्यागत उमटलेली होती. “सुलतानाची,” परांजपे म्हणाले. शेजारी दोनतीन बारीक अक्षरं. ते भिंग धरून पुटपुटत राहिले, मग सरळ उभे राहिले. “बंगलूर. ताई, ही इथंच बनलीय. सुलतानाचा कारखाना पेटेजवळच होता. आक्कांच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर.”

“म्हणजे माहेरी आली की ग ही!” यमुनाक्का ओरडल्या. त्यांनी तिथल्या तिथं पिशवीतून खण काढला, पूजेसाठी आणलेले तांदूळ आणि नारळ मागून घेतला, आणि त्या सुट्या नळीची ओटी भरली. कारखान्यातली सगळी माणसं काम थांबवून कौतुकानं बघत होती. मी हसले आणि माझे डोळेही भरून आले, ते लपवायची मला गरज वाटली नाही.

परांजपे मात्र त्या तपकिरी लगद्यात रमले होते. तो त्यांनी चिमट्यानं काचेवर पसरला, पुन्हा पुन्हा पाहिला. मग मला शेजारी बसवून सावकाश सांगितलं.

“मी शपथेवर सांगणार नाही, पण मला काय वाटतं ते ऐका. हा कागद आहे. सुलतानाच्या पायदळाला कागदाच्या पुडीत बांधलेली तयार काडतुसं मिळायची. शिपाई पुडी दातानं फाडायचा, दारू ओतायची, वर कागदासकट गोळी ठासायची. आपले घोडेस्वार शिंगातून दारू ओतायचे आणि वर चिंधी कोंबायचे. इथं चिंधी नाही. शिवाय हा कान बघा, कडा अजून धारदार आहेत. पुष्कळ वापरलेल्या बंदुकीचा कान झिजून मोठा होतो. ही फार तर दोनचारदा उडाली असेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही तुमच्या राणोजींनी भरलेली नाही. ज्याची होती त्यानं भरली होती. तुमच्या पूर्वजांनी ती भरलेलीच घेतली, आणि नंतर कधी उडवली नाही.”

मी ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. बंगळूरचा कुणी एक शिपाई, भरलेली बंदूक हातात घेऊन राणोजींच्या समोर उभा. आणि त्यानं चाप ओढला नाही. घाबरला की पळाला, की शरण आला, की गारगोटी चुकली, की ती टाकून घरी निघून गेला? परांजप्यांना ते सांगता येत नव्हतं, आणि जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. परतताना होसूर रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत आमची गाडी उभी होती, तेव्हा यमुनाक्का एकदम म्हणाल्या, “आमच्या पेटेतलाच असेल बघ तो. आईनं सांगितलं असेल त्याला, जपून रे अण्णा म्हणून.”

निघताना त्यांनी मला होळिग्यांचा डबा दिला आणि बंदुकीच्या दस्त्याला कुंकू लावलं, उजव्या अंगाला, मुद्दाम.

पुन्हा घरी

आबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. दिलीपही होता. पाथरवट वेशीवर छिन्नी परजून बसला आहे, हे त्यानं मी गाडीतून उतरायच्या आतच सांगितलं. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. किल्ला नव्हता. सरदार नव्हता. पुसलेला शिक्का, वाघाच्या पट्ट्याची खूण, कागदाची पुडी, न झिजलेला कान. काही लपवलं नाही आणि काही गोडही केलं नाही. आबांच्या चेहऱ्याकडं बघायचा धीर होत नव्हता. शेवटी कागदात गुंडाळलेली गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती बोटांनी चाचपली. वजन पाहिलं. त्यांना दिसतं कमी, पण गोळी म्हणजे काय हे त्यांच्या हाताला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

“ही राणोजीसाठी होती?” त्यांनी विचारलं.

“तसं दिसतं, आबा. नक्की कुणी सांगणार नाही.”

“आणि त्यानं झाडली नाही.”

“नाही.”

आबांनी मूठ मिटली. “समोर माणूस असला की फार सोपं असतं ते, शैला,” ते म्हणाले. “बोट नुसतं वाकवायचं असतं. न वाकवणं अवघड.” आपल्या लढाईबद्दल आबा आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोलले. मग त्यांनीच विचारलं, “त्याचं नाव काय असेल?”

“ते कळायला मार्ग नाही.”

दिलीप खाकरला. सरदार हातचा गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. “मग आबा, दगडावर काय कोरायचं? पाथरवट विचारतोय.”

“राणोजीचं नाव कोर. म्हैसूरच्या मोहिमेवर गेले आणि घरी परत आले, एवढंच. आणि त्याच्या शेजारी एका नावाची जागा मोकळी सोड.”

“मोकळी? गावात लोक विचारतील, ही कुणाची म्हणून.”

“सांग त्यांना,” आबा म्हणाले. “आपण सगळे ज्याच्यामुळं जन्माला आलो, त्याची. नाव ठाऊक नाही म्हणून काय त्याला जागाही द्यायची नाही?”